आधी निदान, मग सेवा

"आता वय झालं, असं चालायचंच." हे वाक्य आपल्याकडे घरातही ऐकू येते आणि दवाखान्यातही. आजी चार दिवस धड जेवलेल्या नाहीत, आजोबांचा तोल जातो, काकूंना रात्री भलतेच काही दिसते. सगळ्याला उत्तर हेच. विचारणाऱ्याची त्याने समजूत पटते, डॉक्टरांचे काम संपते आणि ज्याच्याविषयी ते बोलले गेले त्या माणसाची तपासणी तेवढी राहून जाते. डॉ. मार्जरी वॉरेन या इंग्लिश डॉक्टरबाईंनी पंचवीस वर्षे या एका उत्तराशी झुंज दिली. वृद्धांचे वैद्यक ही शाखा ज्या मोजक्या लोकांच्या कामातून उभी राहिली त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. ब्रिटनमध्ये त्यांना या शाखेची जननी मानतात. मराठी वाचकाला मात्र हे नाव जवळजवळ अपरिचित आहे. त्यांचे चरित्र मराठीत येत आहे याचा वृद्धांवर उपचार करणारा एक डॉक्टर म्हणून मला मनापासून आनंद होतो. या बाईंनी नेमके काय केले आणि त्याच्याशी आपला काय संबंध, हे सांगणे एवढेच या प्रस्तावनेचे काम.

वॉरेनबाईंचा जन्म १८९७ साली लंडनमध्ये झाला. वडील बॅरिस्टर, पाच मुली, त्यांतली ही थोरली. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी स्त्रियांसाठी काढलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात घेतले. आपल्या डॉ. रखमाबाई राऊत १८९० च्या दशकात शिकल्या ते हेच विद्यालय. वॉरेनबाई १९२३ मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हाही वातावरण फारसे अनुकूल नव्हते. पहिल्या महायुद्धात मुलींना दारे उघडणाऱ्या लंडनच्या काही वैद्यकीय विद्यालयांनी युद्धानंतर ती पुन्हा लावून घेतली होती. १९२६ मध्ये लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थ येथील रुग्णालयात त्या रुजू झाल्या. पुढे हेच वेस्ट मिडलसेक्स रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता, हात चांगला होता, आणि १९३१ पर्यंत त्या तिथल्या उपप्रमुख झाल्या होत्या. वृद्धांशी त्यांचा तोवर खास असा संबंध नव्हता. तो आला प्रशासनाच्या एका निर्णयामुळे.

त्या निर्णयाची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. १८३४ च्या कायद्याने इंग्लंडभर गरिबांसाठी वर्कहाऊस उभी राहिली होती. ज्याला कुणी नाही, ज्याच्याकडे काही नाही, त्याने तिथे जायचे, सांगतील ते काम करायचे आणि पोटाला मिळेल ते खायचे. ही व्यवस्था मुद्दामच कठोर ठेवलेली होती, म्हणजे नाइलाज झाल्याशिवाय कुणी दार ठोठावू नये. पण म्हातारपण आणि आजारपण हा नाइलाजच असतो. हळूहळू या इमारतींच्या रुग्णकक्षांत पक्षाघात झालेले, मांडीचे हाड मोडलेले, सांधे धरलेले, विस्मरण झालेले वृद्ध साठत गेले. १९२९ च्या कायद्याने या संस्था जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक कौन्सिलांच्या ताब्यात आल्या. १९३५ मध्ये आयलवर्थच्या रुग्णालयाने आपल्या शेजारच्या वर्कहाऊसचा रुग्णकक्ष ताब्यात घेतला आणि तिथल्या ७१४ रुग्णांची जबाबदारी वॉरेनबाईंवर येऊन पडली.

या कामासाठी कुणी स्पर्धा करत नव्हते. नामांकित रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या दृष्टीने हे रुग्ण म्हणजे अडवलेल्या खाटा होत्या. त्यांच्यावर शिकण्यासारखे काही नाही आणि त्यांना देण्यासारखेही काही नाही, असे मानले जाई. वॉरेनबाईंना तिथे जे दिसले ते त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तरुण आणि वृद्ध, शहाणे आणि भ्रमिष्ट, बरे होण्याजोगे आणि न होण्याजोगे असे सगळे एकाच दाटीत पडलेले. अंधारलेले कक्ष, कोंदट भिंती. कित्येकांच्या कागदपत्रांत आजाराचे नावच नाही, कारण नाव शोधण्यासाठी लागणारी तपासणी कधी झालेलीच नाही. परिचारिका कमी, त्यामुळे सगळ्यांना अंथरुणात ठेवणे सोयीचे. खाटेवर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्यांचे गुडघे वाकून घट्ट झालेले, टाचांना आणि माकडहाडाला जखमा, लघवीवर ताबा नाही, आणि दिवसभर पाहायला फक्त छत असल्याने मनही विझत चाललेले.

इथे त्यांनी जे पहिले पाऊल उचलले ते आज वाचताना साधे वाटेल. त्यांनी एकेका रुग्णाला तपासले. डोक्यापासून पायापर्यंत, मांडीवरचे पांघरूण बाजूला करून, हात वर होतो का, पाय हलतो का, ऐकू येते का, घरी कोण आहे, पूर्वी काय काम करत होता, हे सगळे विचारून. मग त्यांनी रुग्णांचे पाच गट केले. उठून फिरू शकणारे. अंथरुणात असले तरी शौच-लघवीवर ताबा असणारे. तो ताबा गेलेले. भ्रमिष्ट पण शांत. आणि ज्यांच्या वर्तनामुळे इतरांपासून वेगळे ठेवावे लागेल असे. गट पाडले की लगेच दिसू लागले की गरजा वेगळ्या आहेत, आणि जिथे गरज वेगळी तिथे उपचारही वेगळा. एवढी मोठी गर्दी तोपर्यंत "जुनाट आजारी" या एकाच शिक्क्याखाली मोडत होती.

त्यानंतर कक्ष बदलले. भिंतींना उजळ रंग आला, दिवे वाढले. खाटांवर लाल ब्लँकेटे आणि फिकट रंगाच्या चादरी आल्या. खाटेशेजारी सामान ठेवायला कपाट, जेवायला टेबल, रेडिओ ऐकायला कानाला लावायचे फोन, बसायला हातांच्या खुर्च्या, चालताना धरायला भिंतीला कठडे. यातली एकही गोष्ट महाग नव्हती आणि एकही केवळ शोभेची नव्हती. खुर्ची आली की माणूस अंथरुणाबाहेर बसतो. कठडा आला की त्याला उभे राहण्याचा धीर येतो. आणि कपाटात स्वतःचा चष्मा, कवळी, कंगवा असला की सकाळी उठून तोंड धुवायला कारण उरते.

पक्षाघाताच्या रुग्णावर त्यांनी घेतलेली मेहनत हा त्यांच्या कामाचा गाभा म्हणावा लागेल. अर्धे अंग लुळे पडले की ते तसेच सोडून द्यायचे, ही तेव्हाची रीत. पाऊल खाली लोंबते, पोटरीचा स्नायू आखडतो, काही आठवड्यांत टाच जमिनीला टेकेनाशी होते, आणि मग मेंदूतली इजा भरून आली तरी तो पाय उभे राहण्याच्या कामाचा राहत नाही. वॉरेनबाईंनी क्रम लावून दिला. पहिल्या दिवसापासून पाऊल काटकोनात राहील असा आधार. मग अंथरुणात कुशीवर वळायला शिकवणे. मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे. मग खाटेचा दांडा धरून उभे राहणे, चांगल्या पायावर भार घेऊन. मग दोन पावले. बरोबरीने चांगल्या हाताने जेवणे, स्वतःची बटणे स्वतः लावणे. फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर यांनी एकाच रुग्णाविषयी एकत्र बसून बोलायचे, हा आग्रहही त्यांचाच. आज पक्षाघाताच्या कोणत्याही चांगल्या केंद्रात हेच चालते.

परिणाम डोळ्यांत भरणारा होता. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले लोक चालू लागले, काही घरी गेले, काही वृद्धाश्रमात. कालांतराने ७१४ रुग्णांच्या त्या विभागाचे काम २४० खाटांवर भागू लागले आणि मोकळ्या झालेल्या खाटा क्षयासारख्या छातीच्या आजारांच्या रुग्णांना देता आल्या. रुग्ण तेच होते, वय तेच होते. बदलली होती ती त्यांच्याकडे पाहण्याची पद्धत.

हे का घडले याचे वैद्यकीय उत्तर फार महत्त्वाचे आहे, कारण आपल्या घरांत रोज याच्या उलट चालते. विश्रांतीने बरे वाटते ही समजूत तरुण शरीराच्या अनुभवावरून आलेली आहे. वृद्ध शरीराला अंथरूण हे औषधासारखेच मोजून द्यावे लागते. स्नायू वापरात नसले की झपाट्याने झिजतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस कमी झाले. आजाऱ्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. आडवे पडून राहिले की उभे राहताना रक्तदाब सावरण्याची सवय मोडते, मग उठताच चक्कर येते, चक्कर आली म्हणून पुन्हा झोपवतात. छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्ताच्या गुठळ्या होतात, पोट साफ होत नाही, कातडी फाटते. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी अंथरुणाच्या धोक्यांवर लिहिलेला छोटासा लेख आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात. वॉरेनबाई तेच बारा वर्षे आधीपासून करून दाखवत होत्या.

त्यांनी ते नुसते केले नाही, मांडलेही. १९४३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणि १९४६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचे दोन लेख आले. मागण्या स्पष्ट होत्या. जुनाट आजारी वृद्धांना शहराबाहेरच्या वेगळ्या संस्थांत न टाकता मोठ्या रुग्णालयाच्या आवारातच त्यांचा विभाग असावा, म्हणजे एक्स-रे, प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ त्यांनाही मिळतील. वृद्धांचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा मानली जावी. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आणि परिचारिकांना या विभागात शिकवले जावे. पूर्ण तपासणी आणि निदान झाल्याशिवाय कुणालाही कायमचा रुग्ण ठरवू नये. यांतला पहिला लेख तर दुसरे महायुद्ध चालू असताना, बॉम्बहल्ल्यांत जखमी झालेल्यांसाठी खाटा हव्या असताना, एका स्थानिक रुग्णालयाच्या उपप्रमुख बाईंनी लिहिला, याचे मोल मोठे आहे.

सुदैवाने त्या एकट्या राहिल्या नाहीत. एसेक्समधल्या ऑर्सेट येथे लायोनेल कॉसिन हे शल्यविशारद मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांवर शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर पायांवर उभे करत होते. ट्रेव्हर हॉवेल चेल्सीच्या निवृत्त सैनिकांचे आजार नोंदवत होते. आरोग्य मंत्रालयातले लॉर्ड ॲमलरी यांनी हे प्रयोग पाहिले आणि सरकारदरबारी त्यांची बाजू लावून धरली. १९४७ मध्ये या मंडळींनी मिळून वृद्धांच्या उपचारासाठी डॉक्टरांची एक संस्था काढली. १९५९ पासून ती ब्रिटिश जेरिॲट्रिक्स सोसायटी म्हणून ओळखली जाते. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि जुन्या वर्कहाऊसच्या हजारो खाटा तिच्या पदरात पडल्या. त्यांचे काय करायचे याचे उत्तर या लोकांकडे तयार होते, म्हणूनच ही शाखा ब्रिटनमध्ये इतक्या वेगाने वाढली. १९६० मध्ये फ्रान्समध्ये मोटार अपघातात वॉरेनबाईंचे निधन झाले. या विषयाचे पहिले प्राध्यापकपद ग्लासगोला १९६५ मध्ये निर्माण झाले. ते पाहायला त्या नव्हत्या.

शाखेला नाव देणारे डॉक्टर त्यांच्याही आधीचे. न्यूयॉर्कचे इग्नाझ नॅशर यांनी १९०९ मध्ये "जेरिॲट्रिक्स" हा शब्द घडवला आणि १९१४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. जसे बालकाचे शरीर म्हणजे छोट्या आकाराचे प्रौढ शरीर नव्हे, तसेच वृद्धाचे शरीरही वेगळ्या नियमांनी चालते, हा त्यांचा मुद्दा. पण शब्द आणि ग्रंथ यांनी रुग्ण उठत नाही. रुग्ण उठवून दाखवला तो आयलवर्थने.

वॉरेनबाईंच्या नंतरच्या पिढीतले बर्नार्ड आयझॅक्स यांनी वृद्धांच्या चार मोठ्या तक्रारी सांगितल्या. हालचाल थांबणे, तोल जाणे, शौच-लघवीवरचा ताबा जाणे आणि बुद्धीचा गोंधळ होणे. या चार महाकाय शत्रूंपैकी एकही स्वतः आजार नाही. प्रत्येकाच्या मागे चार-पाच कारणे दडलेली असतात आणि त्यांतली निम्मी तरी दूर करता येण्याजोगी असतात. माझ्या रोजच्या कामातले उदाहरण देतो. सत्तरी ओलांडलेल्या आजी अचानक असंबद्ध बोलू लागतात, लेकीला ओळखत नाहीत. ताप नाही, खोकला नाही. घरचे म्हणतात, "डोक्यावर परिणाम झालाय, म्हातारचळ लागलाय." तपासल्यावर कळते की लघवीत संसर्ग आहे, किंवा छातीत न्यूमोनिया आहे, किंवा रक्तातले सोडियम उतरले आहे, किंवा झोपेसाठी नव्याने दिलेली गोळी मेंदूवर चढली आहे. वृद्ध शरीरात आजार आपल्या ओळखीच्या वेशात येत नाही. हृदयविकाराचा झटका कधी छातीत न दुखता नुसत्या थकव्याच्या रूपात येतो. अशा अचानक आलेल्या भ्रमाला डेलिरियम म्हणतात. तो हळूहळू वाढणाऱ्या डिमेन्शियापेक्षा वेगळा आहे, आणि मूळ कारणावर वेळेत उपचार झाले तर बहुतेक वेळा ओसरतो. दोन्हींना म्हातारचळ म्हटले की आजींना खोलीत बंद करण्यापलीकडे काही उरत नाही.

म्हणून या शाखेतली तपासणी वेळखाऊ असते आणि तिला पर्याय नाही. रुग्णाला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगायचे, तीन मीटर चालून वळून यायला सांगायचे, आणि पाहत राहायचे. उठताना किती प्रयत्न करावा लागतो, पहिले पाऊल कुठे अडखळते, वळताना किती पावले लागतात, हे पाहून रक्ताच्या अनेक तपासण्यांपेक्षा अधिक कळते. मग सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावायची. दोन डॉक्टरांनी दिलेल्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या, ॲसिडिटीची वर्षानुवर्षे चालू असलेली, सांधेदुखीची शेजारच्यांनी सुचवलेली. कित्येकदा नवे औषध लिहिण्याऐवजी तीन औषधे बंद करणे हाच उपचार असतो. मग ऐकू येते का, दिसते का, कवळी बसते का, रात्री संडासला जाताना वाटेत काय काय येते, सून-मुलगा कामावर गेल्यावर घरी कोण असते. वॉरेनबाईंनी खाटेशेजारी विचारलेले हेच प्रश्न.

भारतात ही शाखा ब्रिटनच्याच वाटेने आली. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला; पुढे १९९६ मध्ये तिथेच या विषयाची एम.डी. पदवी सुरू झाली. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींहून अधिक लोक होते, त्यांतले १ कोटी १० लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. या प्रमाणात डॉक्टर तयार झालेले नाहीत. आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ मध्ये झाला, वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही पाठोपाठ आला. तरीही तालुक्याच्या गावी पडून राहिलेल्या आजोबांना तपासून, कारण शोधून, उठवून बसवणारा माणूस शोधावा लागतो.

आपल्याला या चरित्राची गरज कशासाठी आहे, ते इथे सांगतो. वर्कहाऊस आपल्याकडे नव्हते. आपले वृद्ध बहुतेक घरीच असतात, आणि घरच्यांची माया खरी असते. पण मायेपोटीसुद्धा माणूस अंथरुणाला खिळतो. एकदा पडले म्हणून बाबांना उठू देत नाहीत. "तुम्ही काही करू नका, सगळं हातात देतो," म्हणून चहाचा कपही हातात येतो. संडासला नेणे अवघड म्हणून डायपर, रुग्णालयातून आलेली लघवीची नळी काढायची कुणी आठवणच केली नाही म्हणून महिनोन्‌महिने तशीच. ब्यूरोतून आलेल्या ताईंना सांगितलेले असते, "यांना झोपवूनच भरवा." सहा महिन्यांनी गुडघे वाकतात, पाठीला जखम होते आणि सगळे म्हणतात, किती मनापासून सेवा केली. केलेली असतेच. फक्त तिच्या आधी निदान व्हायला हवे होते, आणि ती उठवण्याच्या दिशेने व्हायला हवी होती. वृद्धांची काळजी हा संस्काराचा विषय आहे असे आपण मानतो. वॉरेनबाई सांगतात की तो आधी वैद्यकाचा विषय आहे. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. पण क्रम चुकला तर संस्कारही माणसाला जायबंदी करतात.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही वाचकाने ध्यानात ठेवाव्यात. रुग्णांच्या गटांना त्यांनी दिलेली नावे आज कठोर वाटतात. खाटा मोकळ्या करण्याच्या यशाचा पुढे काही ठिकाणी अतिरेक झाला आणि ज्यांना बरे होणे शक्यच नव्हते अशा वृद्धांचे प्रश्न मागे पडले. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९६२ मध्ये इंग्लंडच्या वृद्धाश्रमांचे जे चित्र मांडले त्यात जुन्या वर्कहाऊसच्या इमारती तशाच उभ्या होत्या. प्रत्येक वृद्ध चालू लागेल असे वचन ही शाखा देत नाही. वेदना कमी करणे, स्वच्छ ठेवणे, शेवटचे दिवस सुसह्य करणे हेही तिचेच काम आहे. मात्र कोण उठू शकेल आणि कोण नाही, हे तपासून ठरवायचे असते, वयाकडे पाहून नाही.

हे पुस्तक मला विशेषतः दोन प्रकारच्या वाचकांच्या हाती पडावेसे वाटते. एक म्हणजे वैद्यकाचे विद्यार्थी. शाखा निवडताना जिथे यंत्रे मोठी आणि नाव मोठे तिकडे ओढ असते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण कुणालाच नको असलेल्या ७१४ रुग्णांतून एका डॉक्टरने अख्खी शाखा उभी केली, हे त्यांनी वाचावे. वैद्यकातले सगळ्यात अवघड निदान आज या रुग्णांत आहे. दुसरे वाचक म्हणजे ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत ते सगळे. पुढच्या वेळी कुणी "आता वय झालं" म्हणाले, तर त्यांनी न संकोचता विचारावे, "ते ठीक आहे डॉक्टर, पण याचं कारण काय?" हा प्रश्न पुरेशा घरांतून विचारला गेला, तर उत्तर देणारे डॉक्टर तयार करणे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना भाग पडेल.